किर्लोस्कर रोड ते किर्लोस्करवाडी : लक्ष्मणरावांनी सोबत काय नेलं?

(वाचनालयात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण तो रस्ता ज्यांच्या नावाचा, त्यांच्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण एवढंच सांगतात, "ते पंपवाले किर्लोस्कर." चूक नाही, पण अर्धंच आहे. पंप फार नंतर आले. बेळगावात त्यांची सुरुवात झाली ती सायकलच्या दुकानानं.

संयोजकांनी मला विषय दिला : स्वतःच्या हिमतीवर मोठा झालेला उद्योजक. मी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचं नाव निवडलं. एक तर ते आपल्या मातीतले. दुसरं असं, की त्यांना 'स्वतःच्या हिमतीवर' हे शब्द लावताना जरा थांबावं लागतं. हिंमत त्यांची होतीच, त्यात वाद नाही. पण त्या हिमतीला हात किती जणांचे लागले, ते कुणी मोजत नाही. आज आपण ते मोजूया.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. उद्यमबागेत माझा एक गाळा आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. आयुष्य तेलात आणि लोखंडाच्या किसात गेलं. तेव्हा मी बोलणार ते कारखानदाराच्या नजरेनं. गोड मानून घ्या.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ह्याच गावात 1843 साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे. म्हणजे बघा, एका लहान गावानं मराठीला संगीत नाटक दिलं आणि शेतकऱ्याला लोखंडी नांगरही दिला. आपल्या भागात काय आहे, असं कुणी विचारलं की हे सांगायला विसरू नका.

पोराला शाळेपेक्षा चित्रं आणि यंत्रं आवडायची. वडिलांची इच्छा नसताना 1885 साली, सोळाव्या वर्षी, ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. हात चांगला होता. पण तिथं कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच धड दिसू नयेत! आजच्या भाषेत करिअर तिथंच संपलं.

त्यांनी काय केलं? रंग सोडले, रेघ धरली. यंत्रांची रेखाटनं करायला रंग लागत नाहीत, नजर आणि माप लागतं. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागले. तुमच्यातल्या ज्यांना हवी ती ब्रँच मिळाली नाही, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. जे गेलं त्याच्या शेजारचं काय उरलंय, ते बघायचं असतं.

आता सायकल. मुंबईत त्यांनी माणसाला सायकलवर बसून जाताना पाहिलं आणि ते यंत्र त्यांच्या मनात भरलं. 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. इथं 'बंधू' हा शब्द महत्त्वाचा आहे. लक्ष्मणराव नोकरीसाठी मुंबईत. दुकान बेळगावात. मग गल्ल्यावर कोण? त्यांचे भाऊ रामूअण्णा. मुंबईहून सायकल यायची, रामूअण्णा ती विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे 15 रुपये घ्यायचे असं सांगतात. त्या काळात 15 रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. पण नुसती वस्तू विकून भागत नाही, ती वापरायला शिकवावी लागते, हे दोघा भावांना तेव्हाच कळलं होतं.

हा मोजणीतला पहिला हात : रामूअण्णा. पाटीवर लक्ष्मणरावांचं एकट्याचं नाव नव्हतं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' होतं आणि आजही आहे.

पुढं मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली आणि ती दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. आपल्याकडं असं झालं की माणूस दहा वर्षं तेच सांगत बसतो, "माझ्यावर अन्याय झाला." अन्याय झाला असेलही. पण त्यांनी तो उगाळला नाही, दुरुस्तीचं वर्कशॉप वाढवलं. बारीकसारीक कामं घेता घेता त्यांचं लक्ष शेतीच्या अवजारांकडं गेलं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

आता इथं मी जरा थांबतो, कारण ही गोष्ट भाषणात नेहमी दोन वाक्यांत संपवतात. आपल्याकडचा जुना नांगर लाकडी. तो जमीन उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटवतो, हरळीसारखं मुळं धरून बसलेलं तण वर काढतो. फायदा उघड आहे. पण शेतकरी घेईना. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! माझ्यासारख्या माणसाला ह्याचा अर्थ विचारा. माल तयार पडलाय. बीड विकत घेतलंय, कोळसा जळालाय, साचे केलेत, मजुरी गेलीय. आणि गिऱ्हाईक नाही. महिन्याच्या शेवटी कामगार पगाराला उभा आहे. अशा वेळी घरातलं वातावरण कसं असतं, ते ज्याच्या घरात धंदा आहे त्यालाच माहीत. जेवणाच्या ताटावर कुणी बोलत नाही. अशी दोन वर्षं ज्या घरानं काढली, त्या घराचं नाव कुठल्याच नांगरावर ओतलेलं नसतं.

म्हणून दुसरा हात : राधाबाई, लक्ष्मणरावांच्या पत्नी. त्यांच्याकडं पुढं येतोच.

मग आली नोटीस. बेळगावच्या नगरपालिकेनं नव्या वसाहतीसाठी ती जागा रिकामी करायला सांगितली. एवढ्या वर्षांची मेहनत, नुकता कुठं नांगराला उठाव मिळायला लागलेला, आणि जागा सोडा म्हणून हुकूम. वय चाळीस. पदरात मुलं. थोरले शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते.

इथं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. ते संस्थानिक, पण स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते. लक्ष्मणरावांचा हात त्यांना माहीत होता. औंधला सभामंडप बांधायचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं. आता त्यांनी कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचं रान आणि नागांची वस्ती. पाण्याची वानवा. दुसऱ्या कुणी हात जोडून परत दिली असती.

तुम्हाला नकाशाची सवय आजची आहे, म्हणून एक सांगतो. तेव्हा आजची सीमा नव्हती. बेळगाव मुंबई इलाख्यात. आसपास कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखिंडी, औंध अशी संस्थानं, ठिगळांच्या गोधडीसारखी. बेळगावहून औंधच्या मुलखात जाणं म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणंच होतं, फक्त ह्या भांडणाशिवाय.

10 मार्च 1910 ला तिथं काम सुरू झालं. आणि माझ्या विषयाचा गाभा इथं आहे. लक्ष्मणराव तिथं एकटे गेले नाहीत. सुमारे 25 कामगार आपापल्या कुटुंबांसकट त्यांच्या मागून गेले.

विचार करा. बेळगावात ह्या कामगारांचं घर होतं, नातीगोती होती. भट्टीवर काम करणारा कसबी माणूस कुठंही चार पैसे मिळवतो. मालकाला जागा सोडावी लागली म्हणून आपण बायकापोरं घेऊन निवडुंगात का जावं? माझ्या गाळ्यात आज चार माणसं आहेत. उद्या मी म्हटलं, चला, माळरानावर जाऊ, तर किती येतील? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. दोन येतील असं वाटतं. माणूस पगारासाठी कामाला येतो, पण निवडुंगात यायला त्याला त्यापेक्षा जास्त काहीतरी लागतं.

ते काय, ते वाडीत दिसलं. राहायला आधी साध्या झोपड्या, मग घरं, झाडं, रस्ते, शाळा. कारखान्याभोवती नुसती चाळ न बांधता गाव बसवायचं, हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. परदेशातल्या कारखानदारांनी वसवलेल्या गावांबद्दल त्यांनी वाचलं होतं. तसं गाव आपल्या माळावर करायचं म्हणून ते पेटून उठले होते.

हे एका माणसाचं काम नव्हतं. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि कारभार बघितला. मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळला. शंभुराव जांभेकरांच्या हाताखाली कुठलंही इंजिन चालायला लागायचं. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेला मुलगा, तिथं इंजिनिअर झाला. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. कायद्यानं ज्यांच्या कपाळावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेला, त्यांच्याच हातात लक्ष्मणरावांनी सगळ्या वाडीची झोप दिली. जातपात आणि शिवाशीव वाडीत चालायची नाही, हे त्या काळात त्यांनी ठरवलं आणि पाळलं. आजसुद्धा घर भाड्यानं देताना आडनाव विचारणारे लोक आपल्याच गल्लीत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता राधाबाई. कारखान्याच्या इतिहासात भट्टी कधी पेटली त्याची तारीख मिळते. चूल कधी पेटली त्याची मिळत नाही. पण डोळ्यासमोर आणा. माळरान, दुकान नाही, डॉक्टर नाही, विहिरीचं पाणी पुरेना, पोरांच्या पायाखाली साप. पंचवीस-तीस घरं, त्यात बाळंतपणं असणार, तापाची पोरं असणार. पुरुष सकाळी शेडमध्ये जाणार. मग ते गाव दिवसभर उभं कुणी ठेवलं? राधाबाईंनी आणि ज्यांची नावं कुठंच नाहीत अशा त्या सगळ्या बायकांनी. बेळगावातलं आपलं न्हाणीघर, आपली शेजारीण, आपली मंडई सोडून त्या आल्या होत्या. 'कुटुंबवत्सल उद्योजक' हा शब्द आपण सहज वापरतो. पण कुटुंबानं वत्सल नसलं, तर उद्योजक पहिल्या दोन वर्षांतच बुडतो. ह्या सभेत मुली आहेत. तुमच्यापैकी कुणी धंदा काढला, तर हाच हिशेब उलट्या बाजूनंही मागा. घरातल्या पुरुषांनी तुमच्यासाठी निवडुंगात यायची तयारी दाखवली पाहिजे.

मग पहिलं महायुद्ध आलं. बाहेरून येणारं लोखंड बंद. नांगराला मागणी आहे आणि ओतायला बीड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. एकेकाळी माणसं मारायला ओतलेलं लोखंड शेतात गेलं. ह्यात सुद्धा मला दिसतो तो हात. अडचणीत माणसाकडं कुणीतरी येतं, ते आधीच्या वीस वर्षांच्या वागणुकीमुळं.

1920 मध्ये कंपनी 'लिमिटेड' झाली. त्याच साली वाडीतून 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघालं. काढलं लक्ष्मणरावांच्या पुतण्यानं, शंकर वासुदेव किर्लोस्करांनी. आपण त्यांना शंवाकि म्हणतो. सुरुवातीला ते कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला होतं. पुढं तेच 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 ला 'स्त्री' आलं, 1934 ला 'मनोहर'. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर मराठी घराघरांत ही मासिकं वाचली जायची. बायकांच्या प्रश्नांवर, अंधश्रद्धेवर त्यांनी सडेतोड लिहिलं.

चित्राची आणि लिहिण्याची आवड असलेला पुतण्या. दुसऱ्या एखाद्या काकानं त्याला सुनावलं असतं, "हे धंदे सोड आणि हिशेबाला बस." ह्या काकांनी त्याला त्याच्या आवडीचं काम कारखान्यातच दिलं. स्वतः सोळाव्या वर्षी वडिलांच्या मनाविरुद्ध चित्रं शिकायला गेलेला माणूस होता तो. त्याला पोराची ओढ कळत होती. मराठी जगवायची कशी, ह्यावर आपण सभा घेतो. मला वाटतं भाषा जगवायचा हाही एक रस्ता आहे. काम उभं करायचं आणि त्या कामाचं बोलणं, लिहिणं, छापणं आपल्या भाषेत करायचं. नांगराच्या कारखान्यातून तीन मासिकं निघाली, हे विसरू नका.

शंतनुरावांना त्यांनी अमेरिकेत एमआयटीला शिकायला पाठवलं. ते इंजिनिअर होऊन परत आले आणि 1946 ला पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमाराला दुसऱ्या मुलानं, रवींद्रनं, बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. त्याआधी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली होतीच. म्हणजे आजच्या हिशेबानं दोन्ही राज्यांत ह्या घरानं चुली पेटवल्या. भाषा एक घेऊन गेले, काम सगळ्या भाषांच्या माणसांना दिलं.

सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. वाडीत मालक हाच बापासारखा. घर त्याचं, शाळा त्याची, कारखाना त्याचा. बाप चांगला असला तर चांगलंच, पण कामगाराला स्वतःचा आवाज लागतो, तो मालकाच्या मायेवर सोडून चालत नाही. आज कुणी तसं गाव वसवलं तर हे प्रश्न विचारावेच लागतील. आणि घराण्याच्या हातात सगळं ठेवण्याचे जे तोटे असतात, ते मोठ्या उद्योगांत पुढच्या पिढ्यांत दिसतातच. मोठ्या माणसाचा आदर करायचा म्हणजे प्रश्न बंद करायचे, असं नसतं.

आणि घाव बसायचा राहिला नव्हता. 1948 ला गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा 78 वर्षांचे. ज्या माणसानं वाडीत शिवाशीव पाळू दिली नाही, त्याच्या वाडीला जातीच्या रागातून आग लागली. राग कुणावर आणि आग कुणाच्या घराला, ह्याचा हिशेब जमाव कधी करत नाही. आपण सीमाभागातले लोक, आपल्यालाही गर्दीत उभं राहायची सवय आहे. म्हणून हे आठवणीत ठेवा. कारखाना पुन्हा उभा राहिला. तो आजही चालू आहे.

26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले, 87 व्या वर्षी. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ज्या गावानं त्यांना जागा सोडायला लावली, आणि ज्या गावानं पुढं रस्त्याला त्यांचं नाव दिलं, ते गाव त्यांच्या वाडीपासून सरकारी कागदावर परमुलखात गेलं. त्यांनी ते पाहिलं नाही. आपण त्यातच जन्मलो.

आता शेवटचं आणि कामाचं. उद्यमबागेत माझ्याकडं पोरं येतात आणि विचारतात, "काका, इथं राहून काय होणार? पुण्याला जाऊ का?" मी कुणाला जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तुमच्यातली निम्मी मुलं जाणार, हे मला माहीत आहे. पोट आहे, इथं अडचणी आहेत, त्या मी खोट्या ठरवणार नाही. लक्ष्मणरावांनाही बेळगाव सोडावंच लागलं. सोडून जाणं म्हणजे हरणं नव्हे.

पण जाताना दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमच्यामागं रामूअण्णा कोण आहेत? म्हणजे तुम्ही लांब असताना इथला गल्ला, इथली म्हातारी माणसं, इथलं घर कोण सांभाळतंय? त्या भावाबहिणीचं नाव पाटीवर आहे का? नसेल तर आजच घाला. दुसरी, उद्या तुम्ही मोठे झालात तर इथून कुणाला हात धरून न्याल? आपल्या गल्लीतल्या एका मुलाला नोकरी लावणं, एका मुलीला राहायला खोली शोधून देणं, हे सुद्धा वाडी वसवण्यासारखंच आहे. आकार लहान, एवढंच.

आणि जे राहणार, त्यांच्यासाठी : पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली होती. तुमच्या कामाला सहा महिन्यांत गिऱ्हाईक नाही म्हणून शटर ओढू नका. फक्त हिशेब चोख ठेवा, तुमचा मंगेशराव रेगे आधी शोधा. माझ्या डोळ्यासमोर बुडालेले गाळे मी बघितलेत. त्यातले बरेच कामात कमी पडले नाहीत, वहीत कमी पडले.

बेळगावहून पुण्याच्या गाडीत बसलात की मिरज, सांगली, भिलवडी मागं टाकून किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वीचं कुंडल रोड ते हेच. मोबाईलमधून मान वर काढून एकदा बाहेर बघा. इथं निवडुंग होता. बेळगावातून निघालेली सुमारे 25 कुटुंबं इथं उतरली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत. लक्ष्मणरावांना हात जोडाल तेव्हा त्यांनाही जोडा.